पेन कधी टेकवायचे?

फ्रेंचच्या वर्गात त्या दिवशी आकड्यांचे श्रुतलेखन होते. ध्वनिमुद्रणातली बाई आपला फोन नंबर सांगत होती आणि तो आम्हाला उतरवून घ्यायचा होता. फ्रान्समध्ये फोन नंबर दहा आकडी असतो आणि तो दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात. 'झेरो सीस' ही पहिली जोडी सर्वांनी लगेच लिहिली, कारण शून्य आणि सहा हे आकडे सुटे-सुटे ऐकू आले होते. मग ती म्हणाली 'स्वासाँत', म्हणजे साठ, आणि सगळ्या वर्गाची पेने कागदाच्या बोटभर वर थांबली. कारण तिथे साठ हे साठच असेल असे नाही. पुढे 'दीस' आले तर सत्तर होणार, 'दूझ' आले तर बहात्तर, 'दीझुईत' आले तर अठ्ठ्याहत्तर. शिवाय साठ ही एक जोडी आणि अठरा ही तिच्यानंतरची जोडी, असेही असू शकते. पहिला आकडा सहा लिहायचा की सात, हे तिचा उच्चार पुरा होईपर्यंत ठरवणे शक्य नव्हते. मुद्रण संपले, उत्तरे तपासून झाली आणि निवृत्तीनंतर हौसेने भाषा शिकायला आलेल्या एका काकांनी शिकवणाऱ्या बाईंना विचारले, "मॅडम, मग तिकडची माणसं पेन कधी टेकवतात?" बाई म्हणाल्या, "सवयीने कळतं, काका," आणि आम्ही पुढच्या धड्याकडे वळलो.

उत्तर खरे होते, पण सवय झालेल्या कानाला नेमके काय ऐकू येते, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

फ्रेंच आकड्यांची सुरुवात तशी सरळ होते. एकपासून सोळापर्यंत प्रत्येक आकड्याला स्वतःचे नाव आहे. सोळाचे 'सेझ' झाले की नावे संपतात आणि सतरा म्हणजे 'दहा-सात', अठरा म्हणजे 'दहा-आठ' अशी जोडणी सुरू होते. वीस, तीस, चाळीस, पन्नास, साठ ही स्थानके शिस्तीत येतात. मग साठच्या पुढे दशक थांबते आणि विसाची मोजणी सुरू होते. सत्तर म्हणजे साठ-दहा, एकोणऐंशी म्हणजे साठ-दहा-नऊ, ऐंशी म्हणजे चार-वीस आणि सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. एकवीस, एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट या आकड्यांत आणि एकाहत्तरमध्येही दशक आणि एकं यांच्या मध्ये 'ए', म्हणजे 'आणि', येतो. एक्याऐंशी आणि एक्क्याण्णवमध्ये तो येत नाही. इथवर पोहोचल्यावर नव्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव उमटतो: हे असे कशासाठी? मला मात्र ही रचना पहिल्यांदा कळली तेव्हा तक्रारीपेक्षा कुतूहल अधिक वाटले, कारण आकड्याच्या नावात मोजणाऱ्या माणसांची सवय इतकी उघडी पडलेली मी पूर्वी पाहिली नव्हती.

ही सवय जुनी आहे. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये तीसला 'वीस आणि दहा', चाळीसला 'दोन वीस', साठला 'तीन वीस' असेही म्हणत. पॅरिसमध्ये बास्तीय चौकाजवळ 'कँझ-व्हँ' नावाचे नेत्ररुग्णालय आजही चालू आहे. नावाचा अर्थ 'पंधरा-वीस', म्हणजे पंधरा वेळा वीस. 1260 च्या सुमारास नववा लुई राजाने तीनशे अंध व्यक्तींसाठी ही संस्था स्थापन केली आणि तीनशे हा आकडा त्या काळच्या लोकांनी ज्या रीतीने उच्चारला, त्याच रीतीने तो तिच्या दारावर राहिला. ही मोजणी रोमनपूर्व गॉलमधल्या केल्टिक भाषांतून आली, असे पुष्कळदा सांगितले जाते. अभ्यासकांमध्ये त्यावर एकमत नाही. लॅटिनच्या वळणाची दशके, म्हणजे सत्तर, ऐंशी, नव्वद यांसाठी 'सेप्ताँत', 'ऑक्ताँत', 'नोनाँत', हीसुद्धा त्या काळी वापरात होतीच. सतराव्या शतकात व्होझला आणि मेनाझ यांच्यासारख्या भाषापंडितांच्या प्रभावाने शब्दकोशांनी साठ-दहा, चार-वीस, चार-वीस-दहा यांना पसंती दिली आणि फ्रान्समध्ये तेच रूढ झाले. बेल्जियममध्ये आजही सत्तर म्हणजे 'सेप्ताँत' आणि नव्वद म्हणजे 'नोनाँत', पण ऐंशीला मात्र चार-वीसच. स्वित्झर्लंडच्या फ्रेंचभाषक भागात सत्तर आणि नव्वद तसेच, आणि व्हो, व्हाले, फ्रिबूर या प्रांतांत ऐंशीसाठी 'उईताँत' हा सरळ शब्दही आहे. जिनिव्हात पोहोचेपर्यंत पुन्हा चार-वीस. खुद्द फ्रान्समध्ये 1945 च्या शैक्षणिक सूचनांनी मुलांना हिशेब शिकवणे सोपे जावे म्हणून 'सेप्ताँत', 'ऑक्ताँत', 'नोनाँत' वापरण्याची शिफारस केली होती. ती शिफारस कागदावर राहिली आणि मुले साठ-दहा म्हणतच मोठी झाली.

हे वाचताना मराठी वाचकाला 2019 आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या वर्षी दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असे वाचन आले आणि महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात कोणाचे बरोबर होते, हे मला इथे सांगायचे नाही. मला इतकेच जाणवते की परक्या कानाला आपली संख्यानामे फ्रेंचइतकीच अवघड वाटणार आहेत. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी असे 'एक उणे' करत जाणारे आपण शंभराच्या उंबरठ्याशी येऊन अचानक 'नव्याण्णव' म्हणतो. एकाच आकड्यासाठी फ्रेंच माणूस साठात एकोणीस मिळवतो आणि आपण ऐंशीतून एक वजा करतो. विसाची मोजणीही आपल्याला अगदीच परकी नाही. 'तीन इसा न दहा' असे सत्तर मोजणारी माणसे मराठी मुलखातही होती. आणि यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की 'एकोणऐंशी' म्हणताना कोणाही मराठी माणसाच्या मनात वजाबाकी होत नाही. लहानपणी उजळणी म्हणताना तो शब्द आपल्या तोंडात अखंड बसला. फ्रेंच मुलाच्या तोंडात 'कात्र-व्हँ' असाच बसतो. त्याला त्यात चार ऐकू येत नाहीत आणि वीसही नाहीत. म्हणून फ्रेंच आकडे गुणाकार-बेरीज करून समजून घेण्याची वाट मला शिकणाऱ्यासाठी हिताची वाटत नाही. रचना एकदा समजून घ्यावी, तिचा आनंद घ्यावा आणि मग साठापासून नव्याण्णवपर्यंतचे शब्द उजळणीसारखे मोठ्याने, तालात, शंभर वेळा म्हणावेत.

काही ठिकाणी तर या दोन भाषा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की दचकायला होते. फ्रेंच माणूस 'एका आठवड्याने' या अर्थी 'आठ दिवसांनी' म्हणतो आणि पंधरवड्यासाठी 'पंधरा दिवस'. आपणही सात दिवसांच्या अवधीला 'आठवडा' म्हणतो आणि 'आठ दिवसांनी या' असे सांगताना सातच दिवस मनात धरतो. आपण 'छप्पन्न वेळा सांगितलं' म्हणतो. तिकडे तोच वैताग छत्तीस वेळा सांगितल्याचा असतो. मोजण्यासाठी जन्मलेला शब्द मोजणे सोडून देतो आणि माणसाच्या अधीर मनाचा होतो, हे दोन्हीकडे घडले आहे.

पण नावांची रचना कळली म्हणून आकडा कानाला कळत नाही. त्यासाठी ओठ, जीभ आणि नाक यांना नवी कामे शिकवावी लागतात, आणि माझ्या मते नवशिक्याने ती एक ते दहाच्या यादीवर न शिकता घड्याळावर शिकावीत. फ्रेंचमध्ये दोन वाजले, दहा वाजले आणि बारा वाजले ही तीन वाक्ये एकाखाली एक म्हणून पाहावीत. देवनागरीत जमेल तितके जवळचे लिहायचे तर ती 'दऽझर', 'दीझर' आणि 'दूझर' अशी होतात. सुरुवातीचा 'द' तोच, मधला 'झ' तोच, शेवटचे 'अर' तेच. दोन, दहा आणि बारा यांतला सगळा फरक एका स्वराच्या लांबीएवढ्या जागेत उभा आहे. दहाचा 'ई' आपला आहे, बाराचा 'ऊ' आपला आहे. दोनचा स्वर मात्र आपल्या वर्णमालेत नाही. मराठीत जीभ पुढे असते तेव्हा ओठ सैल किंवा ताणलेले असतात ('ई', 'ए') आणि जीभ मागे जाते तेव्हा ओठ गोल होतात ('उ', 'ओ'). जीभ आणि ओठ यांची ही जोडगोळी आपल्यात कधी सुटत नाही. फ्रेंचने ती सोडवली आहे. दोनसाठी जीभ 'ए' म्हणायला निघाल्यासारखी पुढे ठेवायची, ओठ 'ओ'साठी गोल करायचे आणि दोन्हींतले काहीही न हलवता आवाज काढायचा. स्त्रीलिंगी 'एक'च्या स्वरासाठी जीभ 'ई'ची आणि ओठ 'ऊ'चे. आठच्या सुरुवातीलाही हाच स्वर क्षणभर येतो आणि लगेच 'ईत'वर घसरतो. तो 'वीत' नाही आणि 'हुईत'ही नाही. आरशासमोर उभे राहून हे करताना पहिले काही दिवस गालांचे स्नायू खरोखर दुखतात. ते दुखणे मला आवडले. भाषा ही शरीराने करायची गोष्ट आहे, हे मातृभाषेत आपण पार विसरून गेलेलो असतो.

बाराच्या 'दूझ'मधला आणि घड्याळाला जोडणारा 'झ' मी देवनागरीत लिहिला तो नाइलाजाने. खरा उच्चार आपल्या 'जर', 'मजा' या शब्दांतल्या 'ज'च्या अधिक जवळचा आहे. तो आपल्याकडे आहे, ही मराठी विद्यार्थ्याची मोठी सोय आहे. पण या सोयीकडे पाहताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. मराठी लिहिली जाते तशीच बोलली जाते, असे आपण अभिमानाने सांगतो. आणि तरीही 'पाच' म्हणताना आपला 'च' दातांपाशी उमटतो, 'पंचवीस' म्हणताना तो टाळूपाशी जातो, आणि लिपीत मात्र दोन्हीकडे अक्षर एकच. पाचाच्या शेजारी वीस आला की 'च' बदलतो, हे आपल्याला कोणी शिकवले नाही. मराठी शिकणारा फ्रेंच माणूस इथे नक्कीच अडखळत असणार.

नाकातल्या स्वरांची गोष्ट थोडी वेगळी आहे. फ्रेंचमध्ये 'त्राँत' म्हणजे तीस, आणि त्यातला 'आँ' पूर्णपणे नाकातून आलेला स्वर आहे. त्याच्यामागे 'न्' अजिबात नाही. आपण मात्र अनुस्वार दिसला की पुढच्या व्यंजनाला शोभेल असा नासिक्य वर्ण आपोआप उच्चारतो. 'संत'मध्ये 'न्' येतो, 'अंक'मध्ये 'ङ्' येतो. त्यामुळे पाचचे 'सँक' मराठी तोंडातून 'सङ्क' होऊन बाहेर पडते आणि तीसचे 'त्रान्त' होते. उपाय असा की जीभ खाली, दातांमागे पडून राहू द्यायची आणि तिला टाळूला शिवूच द्यायचे नाही. मला या जागी जुनी छापील पुस्तके आठवतात. 'तें', 'घरें', 'सांगितलें', 'कां' असे अनुस्वार त्यांत पानोपानी असत. कधी काळी ते उच्चारले जात होते आणि कोकणातल्या बोलींत त्यांतले काही अजून ऐकू येतात. प्रमाण मराठीत ते बोलण्यातून गेले, नुसते लिहिण्यात उरले आणि 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी लिहिण्यातूनही गेले. नाकातला शुद्ध स्वर आपल्या भाषेला एके काळी येत होता. पॅरिसच्या बाजूला आता 'एक'चा नासिक्य स्वर पाचच्या स्वरात मिसळून गेला आहे आणि पुष्कळ लोक दोन्ही एकच म्हणतात. म्हणजे तिकडेही काही हळूहळू जात आहे.

आपण अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. फ्रेंचने उलटे केले. जुन्या फ्रेंचमध्ये सात हा शब्द 'प'शिवाय लिहीत आणि वीस 'ग'शिवाय. पुढे पंडितांना लॅटिनमधल्या 'सेप्तेम' आणि 'विगिंती' यांची आठवण लेखनात जपाविशी वाटली आणि सातात 'प' तर विसात 'ग' आला. उच्चारात दोघांपैकी कोणीच आले नाही. सात अजून 'सेत' आहे आणि वीस अजून 'व्हँ'. आठच्या आरंभीचा 'ह' तर निव्वळ वाचकाच्या सोयीसाठी आलेला आहे. 'यू' आणि 'व्ही' ही अक्षरे एकसारखी लिहिली जात त्या काळात आठचा शब्द दुसऱ्याच शब्दासारखा वाचला जाई, म्हणून पुढे 'ह' लावला. 1990 साली लेखनाच्या सुधारणा सुचवल्या गेल्या तेव्हा संयुक्त आकड्यांतल्या सर्व शब्दांमध्ये जोडरेषा द्याव्यात असे ठरले. ही मूक अक्षरे मात्र जिथे होती तिथेच राहिली. सुरुवातीला या अक्षरांवर माझा विश्वास नव्हता. डोळ्यांना दिसणारे आणि तोंडात न येणारे अक्षर म्हणजे शिकणाऱ्याच्या वाटेतला अडथळा, असेच मला वाटे. शब्दांच्या शेवटी असलेल्या मूक अक्षरांनी माझे मत बदलले, आणि काकांच्या प्रश्नाचे उत्तरही मला तिथेच मिळाले.

फ्रेंच आकडा ऐकायचा असतो तो त्याच्या शेवटी.

सहा आणि दहा हे आकडे एकटे असतील, तर 'सीस' आणि 'दीस' असे 'स' घेऊन संपतात. पुढे व्यंजनाने सुरू होणारी वस्तू आली की तो 'स' पूर्ण जातो. सहा पुस्तके म्हणताना नुसते 'सी' उरते. पुढे स्वर आला की तोच 'स' मऊ होऊन 'झ' होतो, म्हणून 'सीझर' म्हणजे सहा वाजले. नऊचा 'फ' एरवी जागचा हलत नाही, पण वर्षांच्या आणि वाजण्याच्या आधी त्याचा 'व्ह' होतो. ज्याने शाळेत जगत् आणि ईश मिळून 'जगदीश', दिक् आणि अंबर मिळून 'दिगंबर' असे संधी सोडवले आहेत, त्याला हे नवे वाटण्याचे कारण नाही. स्वराच्या शेजाराने कठोर व्यंजन मृदू होते, ही आपल्या व्याकरणाने फार पूर्वी नोंदवलेली गोष्ट आहे; फरक इतकाच की फ्रेंच माणूस तो संधी रोज, बोलता बोलता, घड्याळाकडे पाहून करतो. आता अठ्ठ्याहत्तरकडे परत यावे. 'स्वासाँत'च्या मागे 'दीस' असा 'स' ऐकू आला आणि आवाज थांबला, तर आकडा संपला, सत्तर. 'दीझ' असा 'झ' ऐकू आला तर तो संपलेला नाही. मागून आठ किंवा नऊ येत आहे. त्या एका वर्णातच पुढची सूचना आहे.

विसाची गोष्ट याहून सुंदर आहे. एकट्या विसाचा 'त' मूक असतो, 'व्हँ'. बावीसपासून एकोणतीसपर्यंत तो उच्चारला जातो. पंचवीस म्हणजे 'व्हँत-सँक'. पण चार-वीसच्या घरात, एक्याऐंशीपासून नव्याण्णवपर्यंत, तो पुन्हा कधीच ऐकू येत नाही. पंच्याऐंशी म्हणजे 'कात्र-व्हँ-सँक'. आता कोणी ओळीने चार आणि मग पंचवीस सांगितले, तर 'कात्र, व्हँत-सँक' असे ऐकू येईल, आणि पंच्याऐंशी सांगितले तर 'त'शिवाय ऐकू येईल. चार-पंचवीस आणि पंच्याऐंशी यांच्यातले अंतर एका 'त'ने राखले आहे. हे प्रथम ध्यानात आले तेव्हा मी ध्वनिमुद्रण मागे नेऊन पुन्हा पुन्हा ऐकले. 'त' होता तिथे होता आणि नव्हता तिथे नव्हता. इतके दिवस कानांवरून जात असलेली गोष्ट एकदम दिसावी तसे झाले.

यापलीकडचे उरलेले काम ताल करतो. मराठीत किंवा हिंदीत जसा प्रत्येक शब्द आपापला तोल घेऊन येतो, तसा फ्रेंचमध्ये येत नाही. तिथे शब्दांचा एक गट एका श्वासात जातो आणि जोर त्या गटाच्या शेवटच्या अक्षरावर पडतो. साठ आणि अठरा या दोन वेगळ्या जोड्या सांगायच्या असतील, तर 'स्वासाँत'चा 'साँ' लांबतो, आवाज किंचित चढतो आणि सूक्ष्म थांबा येतो. अठ्ठ्याहत्तर सांगायचे असेल, तर 'स्वासाँत'वरून आवाज न रेंगाळता पुढे धावतो आणि सगळा भार 'उईत'वर येऊन टेकतो. सवयीचा कान तो भार ओळखतो. पेन तिथे टेकवायचे. काकांना मी हे पुढच्या आठवड्यात सांगितले तेव्हा त्यांनी दोन्ही प्रकार स्वतः म्हणून पाहिले, टेबलावर बोटाने ताल धरला आणि म्हणाले, "म्हणजे समेवर यायचं." त्यांनी तबला शिकलेला आहे, हे मला तेव्हा कळले. त्यांच्या शब्दात जे नेमकेपण होते, ते माझ्या लांबलचक स्पष्टीकरणात नव्हते.

फ्रेंच माणसेही या लांबलचक नावांशी आपापल्या परीने वागत आलेली आहेत. पॅरिसच्या ईशान्येला लागून असलेल्या सेन-सँ-दनी या जिल्ह्याचा अधिकृत क्रमांक 93 आहे. नियमाने तो 'चार-वीस-तेरा' असा उच्चारायला हवा. पण तिथल्या तरुणांनी त्याचे 'नफ-त्र्वा', म्हणजे 'नऊ-तीन', केले, आणि आता ते नाव सर्वत्र ओळखीचे आहे. दुसऱ्या बाजूला 1968 च्या मे महिन्यातल्या आंदोलनात भाग घेतलेल्या पिढीला अडुसष्ट या आकड्यावरूनच नाव पडले: 'स्वासाँत-उईतार'. कुठे आकडा तोडून आपला केला, कुठे संपूर्ण घेऊन त्याचे माणूस केले.

सवय होत जाते तसे माझ्या मनात दोन भावना एकदम येतात. आता सत्त्याण्णव ऐकले की हात थेट नऊकडे जातो आणि ते मला हवेच होते. पण त्याबरोबर चार, वीस, दहा आणि सात हे चौघे दिसेनासे झाले आहेत. भाषा न येणाऱ्याला शब्दाचा सांगाडा दिसतो आणि भाषा येऊ लागली की तो मांसात झाकला जातो. शिकण्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत मला जे दिसत होते, ते जन्माने फ्रेंच असलेल्या माणसाला दिसत नाही आणि यापुढे मलाही कमीच दिसणार आहे. याचे वाईट वाटते. म्हणूनच जे आज पहिला धडा उघडत आहेत त्यांच्याविषयी मला थोडा हेवा वाटतो, आणि ते साठावर येऊन वैतागले तर त्यांना घाई करू नका असे सांगावेसे वाटते. 'सेप्ताँत' सोपे आहे, तर्कशुद्ध आहे, आणि ब्रुसेल्सला किंवा लोझानला जाणाऱ्याने ते जरूर वापरावे. मला विचाराल तर मी साठ-दहाच्या बाजूने आहे, कारण कानाला थांबायला शिकवणारा तोच आकडा आहे.

सध्या मी साले मोठ्याने वाचते. 1789 हे क्रांतीचे साल, 1889 हे आयफेल टॉवर उभा राहिल्याचे आणि 1989 हे त्या क्रांतीच्या दोनशेव्या वर्षाचे. तिन्हींचा शेवट 'कात्र-व्हँ-नफ' असा सारखाच होतो, पण शतकांपाशी शेवटच्या व्यंजनांचा कस लागतो. सातशेमध्ये सातचा 'त' टिकतो, 'सेत साँ'. आठशेमध्ये आठचा 'त' गळून जातो, 'उई साँ'. नऊशेमध्ये नऊचा 'फ' पुन्हा पक्का उभा राहतो, 'नफ साँ'. 'मील सेत साँ', 'मील उई साँ', 'मील नफ साँ' असे ओळीने म्हणताना आठशेच्या 'उई'पाशी ओठ अजून जरा उशिरा गोल होतात. त्यावर काम चालू आहे.